टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलताना

इंजिनच्या माथ्यावरचं झाकण म्हणजे व्हॉल्व्ह कव्हर, गॅरेजमधलं टॅपेट कव्हर. हे झाकण आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते कडक झालं की कडेने ऑइल पाझरायला लागतं. पॅकिंग बदलणं अवघड नाही; साधी हत्यारं आणि मोकळा अर्धा दिवस असला तर पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं. पण नवं पॅकिंग टाकूनही पुन्हा गळायला लागलं, ही तक्रारही तितकीच सर्रास ऐकू येते. त्यात पॅकिंगचा दोष क्वचितच असतो. खोबणीत राहिलेलं ऑइल, कोपऱ्यात न लावलेलं सीलंट आणि जास्त आवळलेले बोल्ट, या तिघांपैकी कोणीतरी घात केलेला असतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की असू द्या. या सांध्यावर ऑइलचा दाब नसतो. कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत पंपाचं ऑइल दाबाने येतं, पण झाकणावर आदळतात ते त्यातून उडालेले शिंतोडे, आणि ते हेडमधल्या वाटांनी पुन्हा खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतात. त्यामुळे झाकण ताकदीने दाबून धरण्याचं काहीच कारण नाही. पॅकिंग सगळीकडे सारखं दबलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. आणि ऑइल खाली चेंबरमध्ये असल्यामुळे या कामासाठी ते काढावंही लागत नाही.

पुढची माहिती एका रांगेतल्या सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला धरून आहे. डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या पेट्रोल इंजिनात इंधनाचा हाय प्रेशर पंप बहुतेकदा कॅमशाफ्टवरच चालतो आणि त्याच्या पाइपात शंभर बारच्या पुढे दाब असू शकतो. कॉमन रेल डिझेलमध्ये तर तो हजार बारच्याही वर जातो, आणि काही इंजिनांत इंजेक्टर थेट झाकणातूनच खाली गेलेले असतात. अशा ठिकाणी झाकण काढायला इंधनाची लाइन सोडावी लागत असेल, तर ते काम घरी करू नये. व्ही आकाराच्या इंजिनात मागच्या बाजूच्या झाकणावर इनटेक मॅनिफोल्ड आडवं येतं. ते काम शक्य आहे, पण मग तो अर्ध्या दिवसाचा मामला राहत नाही.

गळती नक्की कुठली?

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथूनच गळतंय असं नसतं. सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. इंजिन थंड असताना डीग्रीझर मारून ब्रशने बाहेरची मळी काढा आणि कोरडं करा. इग्निशन कॉइल, अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर पिशवीने झाका. पाण्याचा जोराचा फवारा तिथे नको. मग सांध्याच्या खाली टाल्कम पावडर शिंपडून दहा-वीस किलोमीटर गाडी चालवा. पावडरीवर ओघळ कुठून सुरू झाला ते स्पष्ट दिसतं.

टॅपेट कव्हरच्या नावावर खपणाऱ्या गळत्या बऱ्याच असतात. ऑइल भरायच्या टोपीचं रबर, कॅम सेन्सरची ओ-रिंग, व्हॅल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडची ओ-रिंग, जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग. यातलं बहुतेक हेडच्या वरच्याच भागात असतं आणि त्यामानाने लवकर बदलता येतं. ते आधी तपासा.

पॅकिंगच गेलं असेल तर खुणा साधारण अशा: हेडच्या बाजूने ओघळ, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर थेंब पडून जळक्या ऑइलचा वास, सिग्नलला थांबल्यावर बॉनेटच्या फटीतून हलका धूर. वास आणि धूर याकडे दुर्लक्ष नको, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणारं ऑइल पेटूही शकतं. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर झाकणाच्या कडेचं पॅकिंग नव्हे, प्लग ट्यूबचं सील गेलेलं असतं. त्या ऑइलमुळे कॉइलचं रबरी बूट फुगतं, करंट भलतीकडे उडतो आणि इंजिन मिसिंग करायला लागतं.

अजून एक तपासणी, जी बहुतेक जण विसरतात: पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या कडेने खाली निसटलेले वायू या व्हॉल्व्हमार्फत इनटेकमध्ये ओढले जातात. तो चोंदला की इंजिनच्या आत दाब साठतो आणि तो सगळ्यात कमकुवत सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. आयडलिंगवर असताना ऑइलची टोपी काढून तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. कागद हलका ओढला गेला किंवा जागेवर राहिला तर ठीक. फुंकरीसारखा उडाला तर आधी पीसीव्ही आणि त्याचा पाइप बघा. तो साफ करूनही कागद उडत असेल तर पिस्टन रिंगची शंका घ्यावी, आणि मग नवं पॅकिंगही फार काळ टिकणार नाही.

सुटे भाग आणि हत्यारं

नुसतं पॅकिंग न घेता पूर्ण सेट घ्या. त्यात कडेचं मुख्य पॅकिंग, प्लग ट्यूबची सीलं आणि बोल्टखालचे रबरी वॉशर असतात. काही इंजिनांत हेडच्या टोकाला अर्धचंद्राच्या आकाराचे रबरी तुकडे असतात. ते सेटमध्ये आहेत का ते बघा. रबरी वॉशरवर पैसे वाचवायला बरेच जण बघतात आणि तिथेच फसतात. खांदा असलेला बोल्ट ठरावीक खोलीपर्यंतच जातो, तिथे टेकून थांबतो. त्यापुढे झाकणावर दाब देण्याचं काम हा वॉशरच करतो. तो कडक होऊन चेपला असेल तर बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि खाली झाकण मात्र सैलच राहतं.

प्लास्टिकच्या काही झाकणांत पीसीव्हीचा पडदा किंवा प्लग ट्यूबचं सील आतच जडवलेलं असतं, सुटं मिळत नाही. तो पडदा फाटला असेल किंवा झाकणाला तडा असेल तर झाकण अख्खं बदलावं लागतं. गाडीचा चासी नंबर किंवा इंजिन कोड देऊनच भाग मागवा. एकाच मॉडेलमध्ये इंजिनं दोन-तीन प्रकारची असतात आणि पॅकिंग पाच मिलिमीटरने जरी वेगळं निघालं तरी निरुपयोगी.

हत्यारांत ८ आणि १० मिमीचे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, होजच्या क्लिपांसाठी पकड, प्लास्टिकची खरवडपट्टी, धागे न सुटणारं कापड आणि ब्रेक क्लीनर लागेल. टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) हवाच, आणि तोही लहान, ५ ते २५ न्यूटन मीटरच्या टप्प्यातला. चाकांचे नट आवळायचा मोठा रेंच इथे कुचकामी आहे. त्याची मोजणीच या बोल्टांच्या मर्यादेपलीकडे सुरू होते. सीलंट म्हणून इंजिन ऑइलला टिकणारं, ऑक्सिजन सेन्सरला अपाय न करणारं आरटीव्ही सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन इथे वापरू नका; त्याच्या आम्लाने धातू गंजतो.

झाकण उघडणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, किमान तीन-चार तास. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. उघडायच्या आधी आजूबाजूची धूळ-मळी ब्रशने झाडा आणि पुसून घ्या, कारण झाकण उचललं की वरचा कचरा थेट कॅमशाफ्टवर पडतो. मग मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा: कुठला पाइप कुठे जातो, वायरिंग कशाच्या खालून गेलंय. पुढे जोडताना हे फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतात.

वरचं प्लास्टिकचं आवरण, आडवा येत असेल तर एअर फिल्टरचा पाइप, झाकणाला जोडलेले ब्रीदर पाइप अशा क्रमाने काढा. कॉइलच्या कनेक्टरची कुलुपं उष्णतेने ठिसूळ झालेली असतात. कनेक्टर आधी किंचित आत ढकला, मग कळ दाबून बाहेर ओढा, आणि वायरला धरून कधीच ओढू नका. कॉइल थोडी फिरवून सरळ वर काढा. प्रत्येक कॉइलवर तिच्या सिलिंडरचा आकडा लिहा. प्लगच्या केबल असलेलं जुनं इंजिन असेल तर केबलवर आकडे घालणं सक्तीचंच समजा; फायरिंगचा क्रम चुकला तर गाडी सुरू होणार नाही.

स्पार्क प्लग मात्र आत्ता काढू नका. ते जागेवर असले की सिलिंडरची तोंडं बंद राहतात. खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर ते कापड गुंडाळलेल्या काडीने किंवा सिरिंजला नळी लावून उपसून घ्या. प्लग बदलायचेच असतील तर खड्डा अगदी कोरडा झाल्यावर, नाहीतर ते ऑइल सिलिंडरमध्ये उतरून सुरू करताना धुराचा लोट येईल.

बोल्ट कडेकडून मध्याकडे येत, आधी प्रत्येकी अर्धा फेरा असे सैल करा. लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा. सगळे निघाले असं वाटल्यावर पुन्हा मोजा. मागच्या भिंतीलगतचा किंवा दोन कॉइलच्या मधला एखादा बोल्ट मळीखाली लपलेला असतो. झाकण हलत नसेल तर पहिला संशय त्या बोल्टावर घ्या. सगळे निघालेच असतील तर रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके मारा. सांध्यात पेचकस घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढच्या गळतीची वाट तयार करतो, आणि प्लास्टिकचं झाकण तर तिथेच तडकतं.

झाकण निघालं की आत डोकावून बघा, हे दर्शन वरचेवर होत नाही. सोनेरी-तपकिरी झाक असेल तर ठीक. काळी घट्ट मळी म्हणजे ऑइल वेळेवर बदललेलं नाही. टोपीखाली पिवळट, लोण्यासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाण्याचा अंश आहे. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नसल्याने तो जमतो, पण कूलंटची पातळीही तपासून घ्या. हायड्रॉलिक (अंतर आपोआप जुळवून घेणारे) टॅपेट नसलेल्या इंजिनात थंड असतानाच फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेटचं अंतर मोजून घेता येतं. हे झाकण पुन्हा त्यासाठी उघडण्यापेक्षा आत्ताच केलेलं बरं.

साफसफाई: खरं काम इथे आहे

जुनं पॅकिंग खोबणीतून ओढून काढा. कडक झालं असेल तर तुकडे पडतात. ते सगळे हेडबाहेरच राहिले पाहिजेत. हेडवर कॅमशाफ्टच्या बाजूने स्वच्छ कापडं अंथरा, ऑइल खाली उतरायची भोकं झाका. किती कापडं घातली ते लक्षात ठेवा आणि तितकीच बाहेर काढा.

हेडचा सपाट काठ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. जुन्या सिलिकॉनचे ठिपके कोपऱ्यांत घट्ट चिकटलेले असतात, ते नखाला लागेनासे होईपर्यंत काढा. वायर ब्रश किंवा ड्रिलला लावायची घासायची चकती वापरू नका. तिचे बारीक कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातात आणि इंजिन खातात. शेवटी ब्रेक क्लीनर थेट न फवारता कापडावर घेऊन काठ पुसा, कापड पांढरं राहीपर्यंत. झाकण सुटं असल्याने ते मोकळेपणाने धुता येतं, पण खोबणीत काडी फिरवून तळातलं ऑइल काढा. झाकणाच्या आत बारीक जाळी किंवा पडदा बसवलेला असेल तर त्यात अडकलेलं क्लीनर पूर्ण वाळू द्या.

पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण सपाट आहे का ते काचेवर उलटं ठेवून बघा. बोटाने एका कोपऱ्यावर दाबल्यावर ते डुगडुगलं किंवा कडेखालून प्रकाश दिसला तर नवं पॅकिंग टाकूनही उपयोग नाही. पत्र्याच्या झाकणात बोल्टाच्या भोकाभोवतीचा भाग आधीच्या कोणीतरी जास्त आवळून खाली दबवलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने तो सपाट करता येतो.

पॅकिंग, सीलं आणि सीलंट

प्लग ट्यूबचं सुटं सील काढण्यापूर्वी त्याचा ओठ कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा. नवं सील त्याच व्यासाच्या सॉकेटने सरळ दाबून बसवा, आणि ओठाला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, म्हणजे ट्यूबवर उतरताना तो दुमडणार नाही. ऑइल लावायचं ते फक्त इथेच.

मुख्य रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. ग्रीस नको, ऑइल नको आणि चारी बाजूंनी सिलिकॉनही नको. ओलसर रबर दाब आला की खोबणीतून घसरून आत किंवा बाहेर फुगतं. आधी चारी कोपरे बसवा, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग उरलेलं. एका टोकापासून सुरू करून पुढे पुढे दाबत गेलात तर रबर ताणलं जातं आणि शेवटी एक फुगवटा उरतो. तसं झालं तर सगळं काढून पुन्हा बसवा. पूर्ण बसल्यावर झाकण सरळ धरून हलवा. पॅकिंग पडत असेल तर खोबणीत चार-पाच जागी सिलिकॉनचा मोहरीएवढा ठिपका पुरतो. बुचाच्या जुन्या पॅकिंगची गोष्ट वेगळी: ते झाकणाच्या बाजूला पातळ सीलंटने चिकटवायची पद्धत आहे.

सीलंट लागतं ते जिथे तीन भाग एकत्र येतात तिथे. टायमिंग चेनचं कव्हर जिथे हेडला मिळतं ते दोन कोपरे, कॅमशाफ्टच्या टोकाच्या कॅपच्या कडा, आणि असलाच तर अर्धचंद्र रबराच्या दोन्ही टोकांना. अशा जागी दोन भागांच्या मध्ये केसाएवढी पायरी असते आणि रबर ती भरू शकत नाही. तिथे ३-४ मिमीचा एकेक ठिपका लावा. जास्त लावलेलं सिलिकॉन आत पिळून निघतं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब घसरतो. थोडी ओल निस्तरता येते; हे निस्तरणं फार महागात पडतं.

बहुतेक सीलंटवर पाच-दहा मिनिटांत साय धरायला लागते. म्हणून बोल्ट, सॉकेट, टॉर्क रेंच हाताशी मांडल्यावरच ट्यूब उघडा.

झाकण ठेवणं आणि आवळणं

हेडचा काठ शेवटचा एकदा पुसा, कापडं काढा, मोजा. झाकण अगदी वरून सरळ खाली उतरवा; हेडवर टेकल्यावर इकडेतिकडे सरकवलं तर पॅकिंग निसटतं आणि ठिपके पुसले जातात. मागच्या बाजूला वायरिंग किंवा पाइप काठाखाली सापडण्याची शक्यता मोठी असते आणि ती बाजू डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा मागे नेऊन फोटो काढून बघा, पॅकिंगची कडा सगळीकडे सारखी दिसते का.

सगळे बोल्ट बोटांनी दोन-तीन फेरे लावून घ्या. मग मध्यापासून सुरू करून आलटून पालटून दोन्ही टोकांकडे जा, पहिल्या फेरीत अर्ध्या टॉर्कवर, दुसरीत पूर्ण. आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. ६ मिमी बोल्टांसाठी तो साधारण ७ ते १२ न्यूटन मीटर असतो. अंदाज यावा म्हणून: १० सेंमी लांब दांड्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला की जवळपास १० न्यूटन मीटर होतात. मोठ्या रॅचेटला पूर्ण हाताने खेच दिली तर हा आकडा कळायच्या आत मागे पडतो, आणि मग एकतर बोल्ट तुटतो किंवा ॲल्युमिनियमचे आटे उखडून येतात. दुसरी फेरी संपल्यावर त्याच टॉर्कवर अजून एकदा फिरा. शेजारचे बोल्ट आवळल्यावर रबर बसतं आणि पहिले थोडे सैल पडलेले असतात. त्यापुढे हात लावायचा नाही.

कॉइल बसवताना बूट ऑइलने फुगलेलं, मऊ किंवा तडकलेलं असेल तर बदला. कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबा. ब्रीदर पाइप आणि त्यांच्या क्लिपा फोटोशी ताडून बघा. एक पाइप सुटा राहिला तरी हवा गळून आयडलिंग डगमगतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

सुरू केल्यानंतर

सीलंटच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. काम संध्याकाळी आटोपून गाडी रात्रभर उभी ठेवणं सगळ्यात सोयीचं. सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक बघा, गळतीमुळे पातळी खाली गेलेली असते. पहिली दहा-पंधरा मिनिटं मॅनिफोल्डवरचं जुनं ऑइल जळून वास आणि थोडा धूर येईल. तो कमी होत जायला हवा. वाढत गेला तर इंजिन बंद करून बघा. इंजिन पूर्ण तापून पंखा चालू होईपर्यंत आयडलिंगवर ठेवा, मग टॉर्चने चारी बाजू तपासा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. रबरी पॅकिंगचे बोल्ट नंतर पुन्हा आवळायचे नसतात. बुचाचं पॅकिंग असेल तर एकदा टॉर्क तपासावा लागतो.

पुन्हा ओल दिसलीच तर ती कुठे आहे त्यावरून कारण कळतं. टायमिंगच्या बाजूच्या कोपऱ्यात ओल आली तर सीलंट राहिलं किंवा काठ स्वच्छ नव्हता. दोन बोल्टांच्या बरोबर मध्ये आली तर बोल्ट जास्त आवळून झाकणाचा काठ मधे उचलला गेला आहे. एकाच लांब बाजूला आली तर पॅकिंग खोबणीतून निसटलं आहे. सगळीकडून थोडी थोडी येत असेल तर पुन्हा पीसीव्हीकडे जा. एखादा बोल्ट नुसता फिरत राहून घट्टच होत नसेल तर आटे गेले आहेत. जाडा बोल्ट ठोकून बसवण्यापेक्षा त्या भोकात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकून घ्या. यापैकी कशातही झाकण उघडूनच दुरुस्ती होते. बाहेरून कडेला सिलिकॉन फासलं तर ते आठवडाभरात सुटतं आणि पुढच्या वेळी खरवडायचं काम तेवढं वाढतं.